संगणक सुरू होत नाही तेव्हा…

मार्चअखेरची लगबग सुरू असावी, वर्षभराचा हिशेब संगणकात असावा आणि नेमकी त्याच सकाळी कळ दाबूनही यंत्राने मौन धारण करावे, हा अनुभव अनेक व्यावसायिकांना नवा नाही. अशा वेळी पहिली धास्ती वाटते ती साठविलेल्या नोंदींची. वस्तुतः पुष्कळदा दोष असतो तो वीज पुरविणाऱ्या पेटीत. हार्ड डिस्कवरील माहिती सहसा सुरक्षित असते.

या पेटीस एसएमपीएस म्हणतात. 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे 12, 5 व 3.3 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणे हे तिचे कार्य. धूळ, उष्णता व विजेच्या दाबातील चढउतार यांमुळे तिच्यातील कपॅसिटर निकामी होतात.

निदान क्रमाने करावे. प्रथम सॉकेट, वीजतार व पेटीमागील बटन तपासावे. त्यानंतर वीज तोडून, पेटीच्या संगणकातील भागांशी असलेल्या सर्व जोडण्या सोडवून, 24 पिनांच्या जोडणीतील हिरवी तार व शेजारची काळी तार वाकविलेल्या पेपर क्लिपने जोडावी आणि मगच वीज सुरू करावी. पंखा मुळीच न फिरल्यास पेटी बहुधा निकामी समजावी. मात्र तो फिरला म्हणजे पेटी निर्दोष, असे नव्हे. मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6, तर लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळावयास हवेत. ज्या पेटीच्या सर्व तारा काळ्या असतात, तिची तपासणी जाणकारावर सोपविणे श्रेयस्कर.

नवी पेटी जुनीइतक्या अथवा अधिक वॉटची, त्याच आकाराची व त्याच जोडण्यांची घ्यावी. काही कंपन्यांच्या संगणकांत जोडण्या निराळ्या असतात. म्हणून जुनी पेटी दुकानात सोबत न्यावी. सामान्यतः कॅबिनेटमागील चार स्क्रू काढले की ती सुटते. नवी बसविताना प्रोसेसरसाठीची 4 वा 8 पिनांची स्वतंत्र जोडणी विसरू नये. ती राहिली तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो.

जुनी पेटी उघडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वीज तोडल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो व तो प्राणघातक ठरू शकतो. ती ई-कचरा संकलकाकडेच द्यावी.

पेटी पैसे मोजून बदलता येते. हरवलेला हिशेब कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणूनच संगणक सुरळीत चालू असतानाच नोंदींची दुसरी प्रत अन्यत्र जपून ठेवणे, हीच खरी दूरदृष्टी होय.