पाहुण्याची जागा : छत्तीसगडच्या रणजी संघाची बांधणी

रणजी करंडकाचा मोसम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतो आणि पुढचा ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. मधल्या काळात धावफलक कोरा असतो, पण संघ घडतो तो याच महिन्यांत. कोणाला ठेवायचे, कोणाला वगळायचे, बाहेरून कोणाला बोलवायचे, हे पावसाळा सरेपर्यंत ठरलेले असते. फुटबॉल क्लबांप्रमाणे इथे खेळाडूची किंमत मोजून खरेदी होत नाही, की आयपीएलसारखा लिलावही होत नाही. राज्य संघटना खेळाडू विकत नाही. खेळाडूच संघ बदलतो. म्हणूनच रायपूरहून कारभार चालवणाऱ्या छत्तीसगडच्या तरुण संघटनेला या महिन्यांचे मोल मुंबईसारख्या जुन्या संघटनेपेक्षा जास्त आहे.

सगळा व्यवहार एका कागदावर चालतो : ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच एनओसी. खेळाडू आपल्या संघटनेकडे अर्ज करतो, ती मोकळीक देते, मग नवी संघटना त्याची भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे नोंदणी करते. या कागदाचे वजन 2025 मध्ये सर्वांना दिसले. पृथ्वी शॉ मुंबईची एनओसी घेऊन महाराष्ट्राकडे गेला. यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी एनओसी मागितली आणि काही आठवड्यांतच, आपण मुंबईकडूनच खेळू, असे कळवून अर्ज मागे घेतला.

बाहेरून येणाऱ्याला ‘पाहुणा’ किंवा ‘प्रोफेशनल’ म्हणतात. एका संघाला असे तीनच घेता येतात. मंडळाचे मानधन पाहुण्याला आणि स्थानिकाला एकाच हिशेबाने मिळते. 2021-22 पासूनच्या दरांनुसार 40 हून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला 60 हजार रुपये, 21 ते 40 सामने खेळलेल्याला 50 हजार आणि त्याहून नवख्याला 40 हजार. पाहुण्याला याखेरीज बोलावणारी संघटना करारानुसार वेगळी रक्कम देते. तिजोरीतला हा खर्च कोणत्या उणिवेवर करायचा, हा निवड समितीपुढचा खरा प्रश्न.

छत्तीसगडपुढे हा प्रश्न पहिल्यांदा आला 2016 मध्ये. राज्य 2000 साली झाले, तरी मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळायला 2016 उजाडले. तोवर इथल्या गुणी मुलांना मध्य प्रदेशाच्या संघात जागा शोधावी लागे. मैदानाची अडचण नव्हती; नव्या रायपुरातले शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम 2008 पासून उभे होते आणि तिथे आयपीएलचे सामनेही झाले होते. उणीव होती ती चार दिवसांचा सामना कसा ओढून न्यायचा, हे ठाऊक असलेल्या माणसांची. म्हणून पहिल्या मोसमात कर्णधारपद मोहम्मद कैफकडे आणि प्रशिक्षकपद मुंबईला रणजी जिंकून दिलेल्या सुलक्षण कुलकर्णींकडे गेले. कैफ तेव्हा पस्तिशीत होता, पण 2005-06 मध्ये उत्तर प्रदेशाला रणजी करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली मिळाला होता. ऑक्टोबर 2016 मध्ये रांचीला पदार्पणाच्या सामन्यात छत्तीसगडने त्रिपुराला नऊ गडी राखून हरवले. पहिल्याच वर्षी धावांपेक्षा अनुभवाला दिलेले हे प्राधान्य योग्यच होते.

दुसरा मार्ग घरी परतणाऱ्यांचा. दुर्गचा हरप्रीत सिंग भाटिया मध्य प्रदेशाकडून खेळून छत्तीसगडकडे आला आणि पुढे कर्णधार झाला. भिलाईत जन्मलेला शशांक सिंग मुंबई आणि पुदुच्चेरीमार्गे इथे पोचला. 2025 च्या आयपीएलसाठी पंजाबने त्याला साडेपाच कोटींना कायम ठेवले. अशा खेळाडूंना संघाशी जुळवून घ्यायला वेळ लागत नाही, आणि करार संपला म्हणून ते लगेच दुसरीकडे पाहतही नाहीत. लहान राज्याने पाहुण्यांच्या आधी अशा परतणाऱ्यांची यादी करावी, हेच शहाणपणाचे.

शेजारच्या विदर्भाचे उदाहरण रायपुरात सर्वांसमोर आहे. वसीम जाफर आणि गणेश सतीश हे पाहुणे, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, आणि 2017-18 मध्ये पहिले विजेतेपद. 2024-25 च्या नागपूरच्या अंतिम सामन्यात कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने विदर्भासाठी 86 आणि 135 धावा केल्या. तर नागपूरचाच आदित्य सरवटे केरळचा पाहुणा म्हणून समोरच्या संघात होता आणि त्याने 79 धावा काढल्या. पण त्याच सामन्यात 153 धावांची खेळी केली ती विदर्भाच्या दानिश मालेवारने. पाहुण्याभोवती स्थानिक पिढी उभी राहिली तरच तो खर्च फळतो.

छत्तीसगडची अशी पिढी फेब्रुवारी 2024 मध्ये रायपूरला मुंबईविरुद्ध दिसली. पृथ्वी शॉच्या 159 धावांच्या बळावर मुंबईने 351 केल्या. उत्तरात अमनदीप खरेने 143 काढल्या आणि छत्तीसगडचा डाव 350 वर संपला. सामना अनिर्णित राहिला. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्याला तीन गुण, दुसऱ्याला एक. म्हणजे एका धावेने दोन गुण गेले. संघबांधणीत शेवटच्या तीन फलंदाजांचा विचार का करायचा, हे इथे कळते : नुसता चेंडू टाकणाऱ्यापेक्षा वीस-पंचवीस धावा जोडू शकणारा गोलंदाज अशा वेळी जास्त मोलाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध खरेने द्विशतक केले.

ही मुले सापडतात ती उन्हाळा-पावसाळ्यात. जून 2024 मध्ये रायपुरात छत्तीसगड क्रिकेट प्रीमियर लीग सुरू झाली. बस्तर, सरगुजा, रायगढपासूनच्या संघांमुळे निवडकर्त्यांना दूरच्या जिल्ह्यांतले खेळाडू एकाच मैदानावर पाहता येतात. वीस षटकांच्या खेळावरून रणजीचा फलंदाज ओळखणे मात्र धोक्याचे. त्याची खरी पारख तमिळनाडूत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होणाऱ्या बुची बाबू स्पर्धेत होते, कारण तिथे लाल चेंडूने अनेक दिवसांचे सामने खेळावे लागतात. 2024 मध्ये छत्तीसगडने या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि तिथे हैदराबादकडून 243 धावांनी हार पत्करली.