काचबिंदू फोटोत आधी दिसतो

१४ एप्रिल आली की आपल्या वस्त्यांतून मिरवणुकीबरोबर आरोग्य शिबिरेही भरतात. विहाराच्या पटांगणात मंडप पडतो आणि त्यात नेत्रतपासणीची रांग बहुधा सर्वांत लांब असते. समोर अक्षरांचा तक्ता, एकेक डोळा झाकून वाचायचे. चष्म्याचा नंबर निघतो, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनच्या यादीत नाव जाते. हे काम मोलाचे आहे आणि ते करणाऱ्या मंडळांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. पण या रांगेतून एक आजार कोणाच्याही लक्षात न येता निसटतो. तो म्हणजे काचबिंदू.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे आपल्याकडे जोडीने घेतात, म्हणून अनेक आयाबहिणींना दोन्ही एकच वाटतात. "पिकू दे, मग काढू" असे म्हटले जाते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की बहुतेकांना पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच सुकत जाते. सुकलेली नस पुन्हा हिरवी करण्याचा उपाय आजही कोणत्याही डॉक्टरकडे नाही. यात पिकण्याची वाट पाहत बसले तर नजर जाते.

आणि ती जाताना कळत नाही. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. आणि तक्ता तर मधल्या नजरेनेच वाचला जातो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. सुईत दोरा बिनचूक ओवणारी बाई दारातल्या बादलीला अडखळते. गिरणीत उभे आयुष्य काढलेले गृहस्थ रस्ता ओलांडताना बाजूने येणारी सायकल पाहत नाहीत आणि घरचे म्हणतात, "अहो, लक्ष कुठं असतं तुमचं?" लक्ष जागेवर असते. गेलेली असते ती नजर.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतात गावोगाव, घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी दहातल्या नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते.

"पण आमचे प्रेशर तपासले, नॉर्मल आले," असे पुष्कळजण सांगतात. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ च्या आत असावा असे धरतात आणि तो वाढणे हे काचबिंदूचे मोठे कारण आहे, हे खरे. पण दाब दिवसभरात कमीजास्त होतो, आणि एकदा मोजताना तो २१ च्या आत आलेल्या कितीतरी जणांची नस सुकत असते. म्हणून नस प्रत्यक्ष पाहावी लागते. जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा पाहण्याचे यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली जगापुढे मांडले. डॉक्टर त्यातून डोकावून पाहत आणि कागदावर चित्र काढून ठेवत. आता ते काम कॅमेरा करतो.

त्याला फंडस कॅमेरा म्हणतात. हनुवटी टेकवून बसायचे, समोरच्या दिव्याकडे पाहायचे, क्षणभर झगमगाट होतो, झाले. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. फोटोत नारिंगी पडद्यावर एक फिकट चकती दिसते. ती प्रत्यक्षात दीड ते दोन मिलिमीटरचीच असते, पण दहा लाखांच्या आसपास तंतू तिथे एकत्र येऊन मेंदूकडे निघतात. चकतीच्या मधोमध एक खोलगट वाटी असते. निरोगी डोळ्यात ती बहुधा लहान असते. तंतू मरू लागले की चकतीची कड झिजते आणि वाटी रुंदावते. वाटी चकतीच्या निम्म्याहून बरीच मोठी असली, दोन डोळ्यांच्या वाट्यांत ठळक फरक असला, कडेला खाच किंवा रक्ताची बारीक रेघ दिसली, तर डॉक्टर सावध होतात.

दुसरे यंत्र ओसीटी. १९९१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्याची पहिली माहिती प्रसिद्ध केली. ते प्रकाशाच्या साहाय्याने तंतूंच्या थराची जाडी मोजते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. हा थर सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो आणि त्यातली थोडी घटही या यंत्राला कळते. एवढ्या बारकाव्याची गरज का? २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नजरेची कड तपासणाऱ्या चाचणीत खात्रीचा दोष उमटेपर्यंत पाव ते एकतृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. रुग्णाला स्वतःला जाणवायला तर त्याहून उशीर होतो.

ओसीटी महाग आहे, शिबिरात येणे अवघड. कॅमेऱ्याचे तसे नाही. बंगळूरच्या कंपन्यांनी गेल्या पंधरा वर्षांत उचलून नेता येणारे, मोबाइलला जोडता येणारे कॅमेरे बनवले आहेत. तंत्रज्ञ फोटो काढतो, शहरातला डॉक्टर तो पाहतो. काही ठिकाणी संगणकच फोटो चाळून संशयित वेगळे काढतो.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण यंत्राचे कौतुक ऐकून माणूस भुलतो. समजा हजार माणसे तपासली, त्यांतल्या ३० जणांना खरोखर काचबिंदू आहे आणि संगणक शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर सांगतो. तो ३० पैकी २७ जण पकडील, तिघे सुटतील. आणि उरलेल्या ९७० निरोग्यांपैकी ९७ जणांवर खोटा संशय घेईल. काहींची वाटी जन्मतःच मोठी असते. तेव्हा "संशयित" असा शेरा आला म्हणून घरात रडारड नको, आणि "ठीक" आला म्हणून कायमचे निर्धास्त होणेही नको. निदान नेत्रतज्ज्ञच करतो. दाब, नजरेची कड, डोळ्यातले पाणी निघून जाण्याचा कोन हे सारे पाहून तो ठरवतो. हा कोन अरुंद असला तरी फोटोत दिसत नाही. अशा डोळ्यात एकाएकी असह्य दुखणे, लाली, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी असा झटका येऊ शकतो. तेव्हा शिबिराची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावे. दाट मोतीबिंदू असेल तर फोटो धूसर येतो, तेही ध्यानात ठेवावे.

आमची मंडळांना एवढीच सूचना आहे की शिबिर ठरवताना इस्पितळाला विचारावे, "नसेचा फोटो काढणार का? संशयित निघाले तर पुढची तपासणी कोण करणार?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर फोटोचा उपयोग नाही. मुंबईत जे. जे., नायर, शीव, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो येथे नेत्रविभाग आहेत. त्यांच्याशी आधी बोलून ठेवावे. प्रत्येकाने आपल्या फोटोची प्रत मागून घ्यावी. दोन वर्षांनी पुन्हा फोटो निघाला की जुन्याशी ताडून वाटी वाढली का हे कळते.

कोणी आधी तपासून घ्यावे? चाळिशी ओलांडलेल्यांनी, जाड उणे नंबरवाल्यांनी, मधुमेह्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने टाकणाऱ्यांनी तर जरूर. त्या थेंबांनीही काचबिंदू होतो. सर्वांत आधी रुग्णाची सख्खी भावंडे आणि मुले, कारण त्यांना धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

हा आजार घराण्यात चालतो म्हटले की कोणीतरी हळूच "मागल्या जन्मीचे" असे पुटपुटते. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. वैद्याने आडवे होऊन औषध घ्यायला सांगितले, पण वर्षावासात आडवे न होण्याचा निश्चय असल्याने त्यांनी ते बसूनच घेतले आणि दोन्ही डोळे गेले. कथाकार पुढे त्याचे कारण पूर्वजन्मात शोधतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माची ही कल्पना नाकारली आहे आणि तसे करताना आनुवंशिकतेचा विचार पुढे ठेवला आहे. आम्हाला त्या कथेत वैद्याचे म्हणणे अधिक महत्त्वाचे वाटते.

कारण काचबिंदूत औषध सांगितल्याप्रमाणे घेण्यावरच सारे आहे. बहुतेकांना रोज थेंब टाकावे लागतात, तेही जन्मभर. काहींना लेसर किंवा ऑपरेशन लागते. थेंबांनी गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकते. फरक काहीच जाणवत नाही म्हणून पुष्कळजण दोन महिन्यांत बाटली बंद करतात. टिमोलॉल हे त्यातले स्वस्त औषध. पण दमा असेल तर ते घातक ठरू शकते, तेव्हा दम्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये आणि शेजारणीची बाटली आपल्या डोळ्यात टाकू नये. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा, म्हणजे औषध घशाकडे न जाता डोळ्यातच राहते.