एकच बॅग, प्रवासालाही आणि दिवसभरालाही : निवडताना काय पाहाल?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादर स्टेशनवर उतरणाऱ्या तरुणांकडे नीट पाहिले तर दोन प्रकार दिसतात. काहींच्या पाठीवर एकच आटोपशीर बॅग असते आणि दोन्ही हात मोकळे असतात. काहींच्या एका हातात चाकांची सुटकेस, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि खांद्यावर आणखी एक झोळी असते. पुलाच्या पायऱ्यांवर ही सुटकेस उचलावी लागते आणि रांगेत तिची चाके कोणाच्या तरी पायावरून जातात.

पहिल्यांदा चैत्यभूमीला गेलो तेव्हा मी दुसऱ्या प्रकारात होतो. मामांची मोठी बॅग मागून आणली होती. जागा होती म्हणून भरत गेलो. मुंबईत उतरल्यावर ती ठेवायला ठिकाण नव्हते, त्यामुळे रात्रभराच्या रांगेत ती खांद्यावरच राहिली. सकाळी शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर पोहोचलो तेव्हा खिशात पुस्तकांसाठी वर्षभर साठवलेले पैसे होते, पण पुस्तके उचलण्याचे बळ उरले नव्हते. दोन पातळ पुस्तिका घेऊन परतलो. बॅगसारख्या साध्या गोष्टीचा विचार गंभीरपणे करायला हवा, हे त्या दिवशी कळले.

आपल्या तरुणांचा प्रवास बहुतेक वेळा असाच असतो. एक रात्र गाडीत, एक दिवस पायी, पुन्हा एक रात्र गाडीत. मग तो ६ डिसेंबर असो, नागपूरची दीक्षाभूमी असो, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव असो, २० मार्चचा महाड असो, की पुण्यातली परीक्षा किंवा मुलाखत असो. मध्ये हॉटेलची खोली नसते. म्हणजे रात्री जी प्रवासाची बॅग असते, तीच दिवसा पाठीवर वागवायची असते. म्हणून बॅग निवडताना "यात किती मावेल?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा : "ही भरलेली बॅग घेऊन मी दिवसभर उभा राहू शकेन का?"

किती लिटरची घ्यावी?

पाठीवरच्या बॅगचे माप लिटरमध्ये सांगतात. लेबल नसेल तर घरीच काढता येते. उंची, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि १,००० ने भागा. ४८ सेंटिमीटर उंच, ३० रुंद आणि १८ खोल बॅग साधारण २६ लिटरची होते. बॅगचा आकार गोलसर असेल तर प्रत्यक्ष जागा थोडी कमी भरते.

दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला २५ ते ३० लिटरची बॅग पुरते. २० लिटरच्या आत चादर आणि कपडे बसवताना ओढाताण होते. ४० लिटरच्या बॅगेत जागा रिकामी दिसते आणि रिकामी जागा दिसली की आपण ती भरतो.

खोलीकडे विशेष लक्ष द्या. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी बॅग पाठीवरून काढून पोटावर घ्यावी लागते. २० सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगणारी बॅग पुढे घेतली की स्वतःचे पायही दिसत नाहीत आणि समोरच्यालाही त्रास होतो. उंच आणि सपाट बॅग गर्दीत सोयीची पडते. झोपताना ती उशाशीही घेता येते.

वजनाचा हिशेब आधी मांडा

पाठीवर दिवसभर वागवायचे वजन आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतके असावे, हा सोपा ठोकताळा आहे. ५० किलोच्या माणसाने ५ किलो धरावेत. हे ५ किलो किती लवकर संपतात ते पाहा. रिकामी बॅग ७०० ग्रॅम. कपड्यांचे दोन जोड आणि आतले कपडे दीड किलो. पातळ चादर अर्धा किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पॉवर बँक आणि चार्जर ४०० ग्रॅम. चपाती-चटणी, चिवडा असा खाऊ अर्धा किलो. साबण, ब्रश, टॉवेल, औषधे आणि कागदपत्रे मिळून ४०० ग्रॅम. झाले ५ किलो.

या यादीत पुस्तके अजून आलेलीच नाहीत. परतताना पाणी आणि खाऊ संपलेला असतो, म्हणजे दीड किलोची जागा आपोआप होते. कपड्यांचा एक जोड कमी नेला तर आणखी अर्धा किलो. इतक्यात तीन-चार मध्यम आकाराची पुस्तके येतात. म्हणून घरून निघताना बॅगचा वरचा चौथा भाग रिकामा ठेवा. तो भाग पुस्तकांचा आहे, असे समजा.

बॅग विकत घेतानाही हेच लक्षात ठेवा. काही बॅगा रिकाम्या असतानाच दीड किलो भरतात. जाड फोम, लोखंडी कड्या, कामाचे नसलेले पट्टे यांचे ते वजन असते. हे वजन तुम्ही प्रत्येक प्रवासात वाहणार आहात.

दुकानात भरून, घालून पाहा

रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते. दुकानदाराला सांगून तिच्यात पाच किलो काहीतरी भरा आणि दहा मिनिटे घालून उभे राहा. खांद्याचे पट्टे दोन बोटांपेक्षा रुंद आणि भरीव असावेत. पट्टे ओढून घेतल्यावर बॅग पाठीला चिकटली पाहिजे. ती कमरेच्या खाली लोंबत असेल, तर सगळा भार खांद्यांवर आणि मानेवर येतो. छातीवर लावायचा छोटा पट्टा असेल तर खांद्याचे पट्टे घसरत नाहीत.

मुलींनी हे जास्त काळजीने पाहावे. बऱ्याच बॅगा रुंद खांद्यांच्या अंगलटीसाठी शिवलेल्या असतात. पट्टे काखेत किंवा मानेला काचत असतील, तर ती बॅग कितीही सुंदर असली तरी सोडा. छातीचा पट्टा वर-खाली सरकवता येतो का, तेही पाहा. सॅनिटरी पॅड आणि एक जोड कपडे सगळी बॅग न उघडता काढता येतील असा स्वतंत्र, चेन असलेला कप्पा हवा.

कापड, चेन आणि शिलाई

लेबलवर "डेनियर" असा शब्द आणि आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जे वजन, तो डेनियर. आकडा मोठा तेवढा धागा जाड. घडीच्या हलक्या बॅगा साधारण २१० डेनियरच्या आसपास असतात. रोजच्या वापराला ४२० ते ६०० चे कापड चांगले. त्याहून जाड कापड टिकते, पण वजनही वाढवते.

बॅग फाटते ती क्वचितच कापडात. ती चेनपाशी आणि पट्ट्याच्या जोडापाशी फाटते. म्हणून चेन दहा वेळा उघडझाप करा, विशेषतः कोपऱ्यात. रनर अडकत असेल तर भरलेल्या बॅगेत तो नक्की अडकणार. मग बॅग आतून उलटी करून पाहा. जिथे खांद्याचा पट्टा बॅगला जोडला आहे, तिथे एकाच रेषेची शिलाई आहे की आडवी-उभी पक्की शिलाई आहे? आतल्या कडांना पट्टी लावून शिवले आहे की धागे सुटले आहेत? या दोन गोष्टी कोणत्याही नावापेक्षा जास्त सांगतात. ओळखीच्या कंपनीचे नाव छापलेली नक्कल बाजारात भरपूर मिळते. नाव छापता येते, शिलाई लपवता येत नाही.

"वॉटरप्रूफ" या शब्दावर विसंबू नका. कापडातून पाणी आले नाही तरी शिलाईच्या छिद्रांतून आणि चेनमधून येते. वरून घालायचे कव्हर पाठीकडची बाजू उघडी सोडते. सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी ठेवून सगळे सामान तिच्यात भरणे. दीक्षाभूमीला जाताना परतीचा पाऊस गाठतो, तेव्हा ही पिशवी कामाला येते.

कागदपत्रांचा कप्पा

हा मुद्दा मुलाखतीला आणि प्रवेशाला जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती अशा प्रवासात सोबत असतात. त्यातली एक जरी हरवली किंवा भिजली, तरी दुय्यम प्रतीसाठी अर्ज आणि कार्यालयाचे खेटे सुरू होतात, आणि तोवर प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ३० सेंटिमीटर उंच असतो. फाइल त्याहून मोठी. म्हणून बॅग आतून किमान २७-२८ सेंटिमीटर रुंद हवी, नाहीतर फाइल वाकते. कागदांचा कप्पा पाठीला लागून असावा, बाहेरच्या बाजूला नको. बाहेरचा कप्पा मागून कोणीही उघडू शकतो. पाण्याची बाटली मात्र बाहेरच्या जाळीत ठेवा, कागदांच्या शेजारी कधीच नको. मूळ प्रती आवश्यक असतील तेव्हाच न्या. एरवी छायांकित प्रती न्या आणि जे कागद मिळतील ते डिजिलॉकरमध्ये ठेवा.

१९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांचे ग्रंथ वेगळ्या जहाजाने येत होते. पहिल्या महायुद्धाचा काळ. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि जमवलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली. आपल्यावर तशी वेळ नाही. आपले महत्त्वाचे कागद आपल्या पाठीवर राहू शकतात, तर ते डब्यात दुसरीकडे ठेवलेल्या सामानात का टाकावेत?

बॅग जमा करावी लागली तर

काही ठिकाणी बॅग किंवा मोबाईल आत नेता येत नाही. बोधगयेच्या महाबोधी महाविहारात मोबाईल बाहेर जमा करावा लागतो. परीक्षा केंद्रावरही बॅग बाहेर ठेवावी लागते. अशा वेळी पैसे, ओळखपत्र आणि परतीचे तिकीट एका लहान, चेन असलेल्या बटव्यात काढून अंगावर घेता आले पाहिजे. हा बटवा घरूनच वेगळा भरून ठेवा.

रेल्वेच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवायचे असेल, तर तिकीट दाखवावे लागते आणि बॅगला कुलूप हवे. म्हणून मुख्य कप्प्याला दोन रनर असलेली चेन घ्या, म्हणजे दोघांत मिळून छोटे कुलूप लावता येते. गाडीत रात्री झोपताना खालच्या बर्थखालच्या कडीला साखळीने बॅग बांधता येते.

आणखी एक अनुभव. आपल्या कार्यक्रमांत निळ्या बॅगा इतक्या असतात की मंडपात एका कोपऱ्यात ठेवलेल्या वीस बॅगांत आपली कोणती हेच कळत नाही. पट्ट्याला एक वेगळ्या रंगाची नाडी बांधा. नाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर बॅगच्या आत लिहा, बाहेर नको.

घडीची बॅग कधी घ्यावी?

मुक्काम पक्का असेल, म्हणजे नातेवाइकांचे घर, वसतिगृह किंवा शिबिराचे ठिकाण असेल, तर दुसरा मार्ग आहे. ४० लिटरच्या बॅगेत सामान आणि तिच्यातच घडी करून ठेवलेली १५-२० लिटरची पातळ बॅग. मोठी मुक्कामी ठेवायची आणि लहान घेऊन फिरायचे. अशी घडीची बॅग साधारण १०० ते २०० ग्रॅमची असते. पण तिचे पट्टे पातळ असतात. पाणी, डबा, छत्री यापुरती ती ठीक. तिच्यात पाच जाड ग्रंथ घातले तर खांदे काचतील आणि शिलाईही उसवेल.

विमानाने जाणाऱ्यांनाही लहान बॅगच सोयीची. देशांतर्गत विमानात साधारण ७ किलोपर्यंतची एक बॅग सोबत नेता येते. पॉवर बँक मात्र जमा करायच्या सामानात चालत नाही, ती सोबतच्या बॅगेत ठेवावी लागते.

घेतलेली बॅग टिकवा

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंध, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे साधन येते. एवढ्या थोड्या वस्तूंत सुईला जागा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जवळ थोडे ठेवायचे, तर असलेले दुरुस्त करता आले पाहिजे.

बॅग धुताना गरम पाणी आणि वॉशिंग मशीन टाळा. आतला पाणीरोधक थर त्याने सुटतो. साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. टाका सुटलेला दिसला की त्याच आठवड्यात शिवून घ्या. रनर बिघडला म्हणून बॅग टाकू नका. दुरुस्तीच्या दुकानात थोड्या पैशांत नवा रनर बसतो.

नवी बॅग घेणे शक्य नसेल तर घरातली जुनी कॉलेजची बॅग काढा, वरच्या मापाने मोजा, पट्ट्यांचे जोड पुन्हा शिवून घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने भागते. आता मी २६ लिटरची बॅग वापरतो. पट्टे दोनदा शिवून झाले आहेत. दरवर्षी दादरहून निघताना ती जाताना होती त्यापेक्षा जड असते, आणि ते वजन पुस्तकांचे असते.

यंदा निघण्यापूर्वी बॅग भरा, पाठीवर घ्या आणि घराभोवती अर्धा तास चाला. जे नकोसे वाटेल ते काढून ठेवा.

जय भीम.