आपल्या मापाचा झगा

अन्नाखालोखाल माणसाला वस्त्राची गरज असते. अन्न अजूनही घरोघरी शिजते. वस्त्र घरी शिवण्याची कला मात्र आता थोड्याच घरांत उरली आहे. बाजारात तयार कपडे मुबलक मिळतात व ते दिसण्यात सुबकही असतात. तथापि ते कोणा एकासाठी शिवलेले नसतात. अनेकांच्या मापांवरून ठरविलेल्या ठरावीक आकारांत ते बेतलेले असतात. त्यामुळे कोणाचे खांदे ओघळतात, कोणाला बाही आखूड पडते, कोणाला कंबर आवळते. मग आपल्याच शरीरात काही उणे आहे, अशी खंत मुलामुलींच्या मनात घर करते. वस्तुतः उणे असते ते कपड्यात. ज्याला कपडा बेतता येतो, त्याला हे सत्य सांगावे लागत नाही.

घरी शिवणाऱ्याचा मुख्य आधार म्हणजे कागदी नमुना. पाठ, पुढचा भाग, बाही, गळ्याची पट्टी असे कपड्याचे सर्व भाग कागदावर आखून कापलेले असतात. पूर्वी असे नमुने बहुधा एकाच मापाचे मिळत; ते लहानमोठे करण्याचे काम शिवणाऱ्यालाच करावे लागे. इ. स. १८६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टर्लिंग या गावी, एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने एकाच कपड्याचे निरनिराळ्या मापांचे नमुने तयार करून विकण्यास आरंभ केला. एलियस हौ याला शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्येच मिळाले होते. यंत्र आणि नमुना अशी दोन साधने हाती आल्यावर सामान्य कुटुंबालाही नेटका कपडा घरी शिवणे सुलभ झाले.

असे असले तरी नमुना हा केवळ वाटाड्या होय. तो दिशा दाखवितो. चालावे आपले आपणच लागते. एखाद्या मुलीचा झगा, म्हणजे फ्रॉक, शिवावयाचा आहे असे समजू. त्याचे दोन भाग असतात : अंगालगत बसणारा वरचा भाग आणि कमरेपासून खाली सोडलेला चुण्यांचा घेर. प्रथम छाती, कंबर, खांदा, मानेपासून कमरेपर्यंत पाठीची लांबी, दंडाचा घेर आणि पूर्ण लांबी ही मापे घ्यावीत. मापपट्टी आवळू नये, तशी लोंबतीही ठेवू नये. मापे लिहून ठेवावीत. स्मरणावर विसंबू नये.

छातीचे माप ७२ सेंटीमीटर आले, तर कपडा नेमका ७२ सेंटीमीटरांचा करून चालत नाही. श्वास घेताना छाती फुलते, हात उचलताना पाठ ताणली जाते. म्हणून सुमारे ८ सेंटीमीटर सैलपणा धरून ८० सेंटीमीटर करावे. पाठ व पुढचा भाग दुमडलेल्या कापडावर बेततात, म्हणून कागदावर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे २० सेंटीमीटर, आखावा. त्याखेरीज शिवणीसाठी कडेला दीड-दोन सेंटीमीटर कापड सोडावे.

आता ही मापे नमुन्याशी ताडून पाहावीत. नमुन्याची पाठ ३ सेंटीमीटर आखूड असल्यास खालच्या कडेला नुसती पट्टी जोडू नये. तसे केल्याने कमरेचा बाक भलत्याच जागी येतो. मुंढा व कंबर यांच्या मधोमध नमुना आडवा कापावा, दोन्ही तुकडे ३ सेंटीमीटर दूर सारावेत आणि मागे कागद चिकटवून कडेची रेघ पुन्हा जुळवून घ्यावी. पुढच्या भागातही असाच फरक करावा. लांबी कमी करावयाची असेल, तर त्याच जागी कागदाला घडी घालावी. छातीत एकूण ४ सेंटीमीटर वाढवावयाचे असल्यास, पाठीच्या दोन व पुढच्या दोन अशा चार कडांना प्रत्येकी १ सेंटीमीटर द्यावा. मात्र त्यामुळे मुंढाही मोठा होतो. म्हणून बाहीच्या दोन्ही कडांनाही तेवढीच वाढ द्यावी लागते. कपड्यातील एक रेघ हलली की तिच्याशी जोडलेली दुसरी रेघही हलवावी लागते, हे या कामातील मर्म होय.

सुती कापड पाण्याने आटते. म्हणून बेतण्यापूर्वी ते भिजवून वाळवावे. नमुना ठेवताना कापडाचा उभा धागा पाहावा. हा धागा काठाला समांतर असतो व फारसा ताणला जात नाही. नमुना तिरपा पडला, तर झगा धुतल्यावर एका अंगाला ओढला जातो. कापडावर एकदा कातर चालली की ती चूक पुसता येत नाही. कागदावरची रेघ मात्र पुसता येते. त्यासाठीच सर्व विचार कागदावर करावा. शंका असल्यास जुन्या धोतराचा किंवा मांजरपाटाचा कच्चा झगा टाचून अंगावर घालून पाहावा. जेथे ओढ बसते किंवा कापड फुगते, तेथे टाचण्या लावून तो बदल नमुन्यावर उतरवावा.

वाढत्या वयाच्या मुलीसाठी खालची दुमड ६ सेंटीमीटर ठेवली, तर पुढच्या वर्षी ती उसवून झगा लांब करता येतो. आजीचा खांदा आखडला असेल आणि हात वर जात नसेल, तर तिचे पोलके समोरून उघडणारे व सैल मुंढ्याचे शिवता येते. कोणाचा एक खांदा किंचित उतरता असतो. त्या बाजूची खांद्याची रेघ थोडी खाली घेतली की कपडा अंगावर सरळ बसतो. कागदाच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात, माणसाच्या मात्र क्वचितच असतात.

हे काम मुलींचेच आहे असे मानण्याचे कारण नाही. शिंपीकाम हा पुरुषांचाही पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. कातर, सुई आणि मापपट्टी ज्याच्या हाताला वश होतात, त्याला काटकसर साधते, गणित उपयोगी पडते आणि दुसऱ्याच्या शरीराकडे समजुतीने पाहण्याची दृष्टी येते. कपडा माणसासाठी असतो. म्हणून बदलावयाचे असेल ते कपड्याने बदलावे.