आधी पाय मोजा, मग नाव सांगा

आपली शाळा हिमाचलच्या डोंगरात असली तरी मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा. आमचा भाग वाघ्या घेवड्यासाठी प्रसिद्ध आहे. दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जूनमध्ये सुट्टीहून परतताना आजीने पुरचुंडीत ३० दाणे बांधून दिले. म्हणाली, "घरच्या बियाण्यातले एवढेच उरलेत. सांभाळ."

हाऊसमागच्या वाफ्यात मी ते दोन बोटे खोल पेरले. २२ रोपे आली. शेजारच्या घाणेरीवर एक दिवस इवलासा पाहुणा हवेत तरंगत फुलातला मध पिताना दिसला. मी धावत जाऊन निसर्ग मंडळाच्या वहीत लिहिले, 'हमिंगबर्ड दिसला.' सरांनी एकच प्रश्न विचारला, "पाय किती होते?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी तासभर बसून पाहिले. पाय सहा, डोक्यावर दोन मिशा आणि चोच नव्हे तर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळणारी सोंड! तो होता हॉक मॉथ कुळातला, दिवसा उडणारा पतंग. शेपटीसारखा दिसणारा भाग म्हणजे केसाळ झुबका. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत राहतात. भारतात रानटी अवस्थेत एकही नाही. मग दोघे सारखे का दिसतात? दोघांचे काम एकच आहे : फुलावर न बसता, हवेत स्थिर राहून मध पिणे. सारख्या कामामुळे वेगवेगळ्या कुळांतले जीव सारखे घडत जातात. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

ऑगस्टमध्ये घेवड्याच्या पानांना भोके पडू लागली. माळीकाकांनी पतंगाला वाफ्यावर घिरट्या घालताना पाहिले होते. ते औषधाचा पंप घेऊन आले. मी एक दिवसाची मुदत मागितली. रोलकॉलनंतर परवानगी काढून टॉर्च घेऊन गेलो. पानांखाली बिनशंखाच्या गोगलगायी होत्या आणि त्यांच्या मागे चिकट, चकाकणारा माग. खरा चोर सापडला! आम्ही चार कॅडेट्सनी आठवडाभर त्या हाताने वेचल्या. पंप पुन्हा बाहेर निघाला नाही. फवारणी झाली असती तर पतंग आणि मधमाश्या मेल्या असत्या, चोर मात्र पानाखाली सुखरूप राहिला असता.

घेवड्याला पतंगाची फारशी गरजही नसते. त्याचे परागीभवन बहुधा फूल उमलण्याआधी आतल्या आत होते. म्हणूनच घरचे वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहते. बियाणे धरायचे तर सर्वांत निरोगी झाडे निवडा. शेंगा झाडावरच वाळू द्या. हलवल्यावर खुळखुळल्या की तोडा. दाणे सावलीत सुकवा. नखाने दाबून वण उठला नाही, की कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पावसात काही शेंगा कुजल्या, तरी दोन ओंजळी दाणे हाती आले. दिवाळीत आजीला तिचे ३० परत देणार आहे. बाकीचे ज्युनियर्ससाठी, डब्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून.

रिपोर्ट देताना आता मी एवढेच लक्षात ठेवतो : जे दिसले ते आधी, जे वाटले ते नंतर.