लोकांची गाडी : फोक्सवागेन कारखान्याचा नावलौकिक

मोटारींच्या कारखान्यांना बहुधा त्यांच्या संस्थापकांची नावे लाभलेली असतात. फोर्ड, ओपेल, बेन्झ, पोर्श ही सारी माणसांची नावे होत. परंतु जर्मनीतील सर्वांत मोठ्या मोटार-कारखान्याने जे नाव धारण केले आहे, ते कोणा व्यक्तीचे नाही; ते एक वचन आहे. जर्मन भाषेत ‘फोक’ म्हणजे लोक आणि ‘वागेन’ म्हणजे गाडी. तेव्हा ‘फोक्सवागेन’ याचा सरळ अर्थ लोकांची गाडी असा होतो. ज्याच्या नावातच वचन गोवलेले आहे, त्याच्या नावलौकिकाची परीक्षा करणे एका परीने सोपे असते. ते वचन कोणी दिले, कोणास दिले, केव्हा पाळले आणि केव्हा मोडले, एवढेच पाहावयाचे असते.

सामान्य माणसास परवडेल अशी लहान मोटार असावी, ही कल्पना १९३० च्या सुमारास मध्य युरोपातील अनेक यंत्रज्ञांच्या मनात घोळत होती. टाट्रा कारखान्याचा हान्स लेडविंका पाठीमागे एंजिन बसवलेल्या, वाऱ्याने थंड राहणाऱ्या गाड्यांचे प्रयोग करीत होता. योसेफ गान्झ नावाचा यहुदी यंत्रज्ञ आपल्या मासिकातून अशा गाडीचा पुरस्कार करीत होता. नाझी राजवट येताच त्याला अटक झाली आणि १९३४ साली जर्मनी सोडावी लागली. कल्पना मात्र त्या राजवटीने आपली म्हणून मिरविली. २२ जून १९३४ रोजी फर्डिनांड पोर्श या नामांकित यंत्रज्ञाशी करार करून लोकांच्या गाडीचा आराखडा करण्याचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले. गाडीची किंमत १,००० मार्कांच्या आत राहिली पाहिजे, अशी हिटलरची अट होती. पुढे ती ९९० मार्क ठरविण्यात आली.

इतक्या अल्प किमतीत गाडी विकून नफा होणे शक्य नाही, हे खाजगी कारखानदार जाणून होते. यास्तव हे काम ‘जर्मन श्रम-आघाडी’ या नाझी संघटनेने अंगावर घेतले. १९३३ साली स्वतंत्र कामगार-संघ मोडून काढण्यात आले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. त्या मालमत्तेचा वारसा याच आघाडीकडे आला होता. म्हणजे कामगारांच्या हितासाठी म्हणून जो कारखाना उभारला गेला, त्याच्या पायात कामगारांचाच हिरावून घेतलेला पैसा होता. २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेन या गावाजवळ कोनशिला बसविण्यात आली आणि शेजारी कामगारांसाठी नवे नगर वसविण्यास आरंभ झाला. याच नगरास १९४५ साली वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळाले.

गाडी विकण्याची रीतही विलक्षण होती. हप्तेबंदीच्या नेहमीच्या व्यवहारात वस्तू आधी घरी येते आणि पैसे मागाहून फिटतात. येथे सारेच उलटे होते. ग्राहकाने दर आठवड्यास निदान ५ मार्कांचे तिकीट विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवावयाचे आणि पुस्तिका भरल्यावर गाडीची वाट पाहावयाची. जमा रकमेवर व्याज नव्हते आणि पुस्तिका दुसऱ्याच्या नावे करण्याची मुभाही नव्हती. तरीही सुमारे ३ लक्ष ३६ हजार लोकांनी नावे नोंदविली. १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि या योजनेतून एकाही सामान्य खातेदाराच्या दारात गाडी उभी राहिली नाही. ज्या थोड्या गाड्या तयार झाल्या, त्या अधिकारपदस्थांच्या वाट्यास गेल्या. युद्धानंतर या खातेदारांनी न्यायालयांचे उंबरठे झिजविले. अखेर १९६१ साली तडजोड होऊन त्यांस नव्या गाडीच्या किमतीत काही सूट किंवा अल्पशी रोख रक्कम मिळाली.

युद्धकाळात कारखान्यातून लष्करी मोटारी, पाण्यात तरंगणाऱ्या गाड्या, सुरुंग आणि उडत्या बॉम्बांचे भाग बाहेर पडू लागले. हे काम करणारे हात कोणाचे होते, हा या इतिहासातील सर्वांत काळा भाग होय. पोलंड, रशिया, फ्रान्स, इटली, हॉलंड इत्यादी देशांतून बळाने आणलेली माणसे, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी यांस तेथे राबविण्यात आले. युद्धाच्या सर्व वर्षांत मिळून अशा माणसांची संख्या २० हजारांच्या घरात जाते. पोलिश व रशियन स्त्रियांना तेथे मुले झाली, तर ती त्यांच्यापासून तोडून कारखान्याच्या देखरेखीखालील एका बालगृहात ठेवीत. हे बालगृह पुढे र्‍यूहेन या खेड्यात हलविण्यात आले. तेथे घाण, रोगराई आणि हयगय यांमुळे तीनशेहून अधिक अर्भके मृत्यू पावली. तेथील जबाबदार डॉक्टरास ब्रिटिश लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९४७ साली फाशी दिले. ‘लोकांची गाडी’ या शब्दांतील ‘लोक’ कोण आणि कोण नव्हेत, याचा त्या राजवटीने लावलेला अर्थ या एका घटनेतून पुरेसा स्पष्ट होतो.

१९४५ साली जर्मनी शरण आली तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळी झालेली ही इमारत ब्रिटिशांच्या ताब्यातील प्रदेशात होती. कारखाना मोडून यंत्रे अन्यत्र न्यावीत, असाच पहिला विचार होता. परंतु तेथे नेमलेला तरुण ब्रिटिश अधिकारी मेजर आयव्हन हर्स्ट याने निराळी दृष्टी दाखविली. ब्रिटिश सैन्यास वाहनांची निकड होती. हर्स्टने एक जुनी गाडी हिरव्या रंगाने रंगवून मुख्य ठाण्यावर पाठविली आणि त्याच्या वरिष्ठांनी २० हजार गाड्यांची मागणी नोंदविली. डिसेंबर १९४५ मध्ये उत्पादन रीतसर सुरू झाले. अन्न, कोळसा आणि लोखंड या तिन्हींची टंचाई असूनही हर्स्टने तपासणीचा विभाग उभारला आणि विकलेल्या गाडीच्या दुरुस्तीची व सुट्या भागांची व्यवस्था लावली. पुढे या गाडीची जी ख्याती झाली, तिचा खरा पाया येथे घातला गेला. मात्र इंग्लंड व अमेरिका येथील मोटार-व्यवसायातील जाणत्यांनी ही कुरूप, गोंगाट करणारी गाडी पाहून कारखाना घेण्यात राम नाही, असाच निर्वाळा दिला.

१ जानेवारी १९४८ पासून हाइनरिख नॉर्डहोफ हा पूर्वीचा ओपेलमधील यंत्रज्ञ कारखान्याचा मुख्य संचालक झाला. १९४९ च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांनी कारखाना जर्मन सरकारच्या हाती दिला. नॉर्डहोफने गाडीचे रूप न बदलण्याचा निश्चय केला. मात्र तिच्या अंतरंगातील एकेक भाग दरवर्षी सुधारीत नेला. लोकांनी या वाटोळ्या गाडीस प्रेमाने ‘केफर’, म्हणजे भुंगेरा, असे नाव दिले. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. एंजिन पाठीमागे, चालविणाऱ्या चाकांच्या लगत असल्यामुळे शक्ती मागे नेणारा लांब दांडा लागत नसे. एंजिन वाऱ्याने थंड होई. त्यामुळे त्यात पाणी नव्हते. जे पाणीच नाही ते युरोपच्या हिवाळ्यात गोठावयाचे नाही आणि आफ्रिकेच्या उन्हात उकळावयाचेही नाही. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडे आणि दुरुस्तीही सोपी. ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लक्षावी गाडी बाहेर पडली.

अमेरिकेत गाड्या वर्षानुवर्षे लांब आणि चकचकीत होत चालल्या होत्या. तेथे ही लहानशी जर्मन गाडी, तीही हिटलरच्या नावाशी जडलेली, खपेल असे कोणास वाटले नसते. १९५९ साली न्यूयॉर्कमधील डॉइल डेन बर्नबाक या संस्थेने तिच्या जाहिरातींचे काम घेतले. या जाहिरातींनी गाडीचा लहानपणा झाकला नाही, उलट तोच पुढे केला. मोठ्या कोऱ्या पानाच्या एका कोपऱ्यात चिमुकली गाडी आणि खाली साधा मजकूर, एवढाच त्यांचा थाट असे. एका जाहिरातीत तर किरकोळ डागामुळे तपासनिसाने नाकारलेली गाडी दाखविली होती. आपला दोष आपण होऊन सांगणारा विक्रेता विश्वासास पात्र ठरतो, ही जुनी बाजारपेठेतील नीती तिथे फळास आली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी गाडी तयार होऊन फोर्डच्या प्रसिद्ध ‘टी’ गाडीचा उच्चांक मागे पडला. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे शेवटचा भुंगेरा बाहेर पडला, तेव्हा एकंदर संख्या २ कोटी १५ लक्षांच्या पुढे गेली होती.

परंतु एकाच गुणावर विसंबण्यात धोका असतो. १९७० नंतर नव्या जमान्याच्या गाड्यांपुढे भुंगेरा जुनाट दिसू लागला आणि १९७४ साली कारखान्यास मोठी तूट आली. त्याच वर्षी ‘गोल्फ’ ही गाडी बाजारात आली. तिचे एंजिन पुढे होते, पाण्याने थंड होणारे होते, आणि शक्ती पुढच्या चाकांना मिळत होती. म्हणजे जुन्या गाडीचे प्रत्येक तत्त्व या गाडीने उलटे केले होते. तिच्यामुळे कारखाना तरला. पुढे औडी, स्पेनमधील सेआट, चेकांची स्कोडा असे कारखाने या समूहात सामील होऊन तो जगातील अग्रगण्य मोटार-समूहांपैकी एक झाला. २००९ साली पुण्याजवळ चाकण येथे त्याचा कारखाना सुरू झाला, आणि ‘पोलो’ हे नाव महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या परिचयाचे झाले.

पूर्वेतिहासाकडे पाहण्याची बुद्धी मात्र उशिरा झाली. १९८६ साली हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपविण्यात आले आणि त्याचा विस्तृत ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९८ साली पूर्वीच्या वेठबिगारांसाठी २ कोटी मार्कांचा निधी काढण्यात आला आणि १९९९ साली कारखान्यातीलच एका जुन्या तळघरात स्मृतिस्थान उघडण्यात आले. अनेकांच्या हयातीत हा न्याय पोचला नाही, हे खरे. तथापि कारखान्याने आपले दप्तर अभ्यासकास खुले केले, हेही तितकेच खरे.

यानंतर कारखान्याने सत्याशी पुन्हा प्रतारणा करू नये, अशी अपेक्षा होती. पण १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण खात्याने जे जाहीर केले, त्याने जग चकित झाले. डिझेल एंजिनात इंधन अतिशय उष्णतेत जळते आणि त्यामुळे हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होऊन फुप्फुसांना घातक अशी संयुगे बनतात. ती आवरण्याची साधने आहेत; परंतु त्यांनी खर्च वाढतो व गाडीच्या कामगिरीवर थोडाफार परिणाम होतो. सरकारी परीक्षा गाडी रुळांवर उभी करून होते. चाके फिरतात, पण सुकाणू-चक्र स्थिर असते. फोक्सवागेनच्या गाड्यांतील संगणक-आज्ञावली अशा खुणांवरून परीक्षा चालू असल्याचे ओळखी आणि तेवढ्यापुरती ती साधने पूर्ण कार्यान्वित करी. गाडी रस्त्यावर आली की साधने शिथिल होत आणि काही प्रसंगी मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत विषारी वायू बाहेर पडत. अशा गाड्या जगभर सुमारे १ कोटी १० लक्ष होत्या. परीक्षकासमोर सज्जन आणि त्याची पाठ वळताच दुर्जन, अशी ही यंत्राची वागणूक होती. आणि यंत्रास ती माणसांनी शिकविली होती.

हे उघडकीस कसे आले, तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील काही संशोधकांनी गाडीतच मापनयंत्र बसवून ती खऱ्या रस्त्यांवर चालविली आणि आलेले आकडे परीक्षेतील आकड्यांशी जुळेनात. कारखान्याच्या प्रमुखाने काही दिवसांतच राजीनामा दिला. २०१७ साली कारखान्याने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४३० कोटी डॉलरांचा दंड मान्य केला. सर्व देशांतील दंड, भरपाई व दुरुस्ती मिळून खर्च ३,००० कोटी युरोंच्या वर गेला. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तपासणी केली आणि २०१५ च्या डिसेंबरात सुमारे ३ लक्ष २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे कारखान्याने जाहीर केले.

यानंतर कारखान्याने विद्युत्-मोटारींकडे मोर्चा वळविला आहे. तो मार्गही सुगम नाही. २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक जागा कमी करण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये कामगार-संघाशी करावा लागला. ज्या नगराचा जन्मच कारखान्यासाठी झाला, त्या वोल्फ्सबुर्गला या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या सर्व इतिहासातून ग्राहकाने घ्यावयाचा बोध काय? भुंगेऱ्याचा टिकाऊपणा खरा होता, तो लक्षावधी लोकांनी अनुभवला. त्याच अनुभवातून आलेला विश्वास पुढे डिझेल गाड्यांच्या कागदी आकड्यांनाही आपोआप लागू झाला, आणि तेथेच फसगत झाली. नावलौकिक हा केलेल्या कामाचा दाखला असतो; पुढील कामाचा तो जामीन होऊ शकत नाही. हे ओळखूनच युरोपात २०१७ पासून आणि भारतात एप्रिल २०२३ पासून गाड्यांचे धूर-मापन प्रत्यक्ष रस्त्यावरही करण्याचा नियम लागू झाला. लोकांच्या गाडीची परीक्षा लोकांच्या रस्त्यावर व्हावी, हे न्याय्यच झाले.