पळून न जाणारी माणसं

काझुओ इशिगुरो यांच्या २००५ सालच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीत ना हुकूमशहा आहे, ना बंदूकधारी पहारेकरी. विसाव्या शतकाच्या अखेरचं इंग्लंड आणि हेलशॅम ही निवासी शाळा. तिथली मुलं क्लोन आहेत. मोठेपणी त्यांचे अवयव एकेक करून काढून घेतले जाणार आहेत.

वाचकाला जीव लावते ती त्यांच्यातल्याच एकीची, निवेदिका कॅथीची, सांगण्याची तऱ्हा. रुसवेफुगवे, मैत्रिणींचे हेवेदावे, शाळासोबती टॉमीच्या आवडत्या शर्टावर उडालेला चिखल असं सगळं ती सांगत बसते. लहानपणी कॅसेटवरच्या गाण्यावर ती उशी कवटाळून डोलते. तिच्या मनात ते तिचं बाळ असतं. शाळेत येणाऱ्या मादाम ते दाराबाहेरून पाहतात आणि त्यांना रडू आवरत नाही.

ही मुलं पळून का जात नाहीत, असं अनेक वाचक विचारतात. खरं तर इथंच ती सर्वांत ओळखीची वाटतात. जे लहानपणापासून अंगवळणी पडलं, त्याविरुद्ध किती जण उठतात?

कॅथी-टॉमी सुटका मागतच नाहीत. प्रेमात असलेल्या जोडप्यांना काही वर्षांची सवलत मिळते, या ऐकीव गोष्टीवर विसंबून ती दोघं टॉमीची चित्रं घेऊन मादामचं दार ठोठावतात. अशी सवलत कधी नव्हतीच, हे तिथं कळतं.